वंदनाचं शटर आणि संज्याची काळी गाडी

आज माझ्या वंदनाला जाऊन वर्ष झालं. दुकान चालू आहे.
ज्यांना हे बरं दिसत नाही, त्यांनी तोंड दुसरीकडे करावं.

सकाळी लवकर विधी उरकला, पान ठेवलं, आणि नऊला मी आणि नात पूजा, दोघींनी शटर वर केलं.

वंदना माझी पोरगी. जळगावला हायवेच्या कडेला कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन-घासून नव्यासारख्या करायचं दुकान तिचं. जागा माझ्या नावावर, अक्कल तिची.

नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा पूजा कडेवर होती. आल्या आल्या एका शोरूममध्ये गाड्या धुवायला लागली.
लोक म्हणाले, बाईमाणूस ओल्या कपड्यात गाड्या धुते, शोभतं का?
मी म्हटलं, तुमच्या घरच्या बाया काय कोरडी भांडी घासतात?

खरं सांगते, मीपण हसले होते तिला. दोन-दोन बादल्या घेऊन बसायची.
"एक बादली पुरत नाही का तुला?"
"आई, एका बादलीतली माती फडक्याला लागते आणि तीच परत गाडीवर घासली जाते. दुसरी बादली फडकं खळबळायला."
मग मीच दुसरी बादली भरून दिली. चौथी शिकलेली असले तरी एवढं कळतं.

उन्हात गाडी धुवू द्यायची नाही. आपलं बोअरचं पाणी, वाळलं की पांढरे ठिपके.
धूळ कोरड्या फडक्याने पुसणाऱ्याला तर ती सरळ म्हणायची, "दादा, तुमच्या गालावर वाळू घासू का?"

यावल, फैजपूरहून केळीवाले यायचे. चिकाचे डाग पडलेल्या गाड्या घेऊन. आधी घरी थिनर लावून बघितलेलं असायचं. मग वंदनाच्या शिव्या खायच्या आणि पुढच्या वेळी परत तिच्याकडेच यायचं.

माझंही एक काम होतं. अजून आहे.
गाडी धुतली की पातळ कॅरीबॅग हातात चढवायची आणि पत्र्यावरून हळू फिरवायची. डोळ्याला दिसत नाही ती कचकच बोटाला लागते. जन्मभर तांदूळ निवडले, माझ्या बोटाला कोण फसवणार?
मी "आहे" म्हटलं की वंदना परत खाली बसायची. इंजिनियर लोक उभे राहून बघायचे.

ती डेंग्यूने गेली.
"केमिकलने गेली" असं सांगत फिरणाऱ्यांनी डॉक्टरचा कागद माझ्याकडे येऊन बघावा.

तेराव्याला माझा मुलगा संजय, धुळ्याला राहतो तो, म्हणाला, "माय, तायडी होती तोवर ठीक होतं. आता हाई काम आपलं नही. वर्ष होऊ दे, मग मी इथे टायरचं दुकान टाकतो. पूजीसाठी स्थळ बघू."
मी म्हटलं, "वर्ष होऊ दे."
त्याने त्याचा अर्थ होकार घेतला. घेऊ दे.

आज विधी झाल्यावर तो शटरची किल्ली न्यायला दुकानात आला. धुळ्याहून आणलेली काळी गाडी दारात लावली.

मी बसल्या जागेवरून बोनेट बघितलं. "संज्या, काय शे हे?"
"काही नाही माय."
पूजाने टॉर्च मारला. अख्ख्या बोनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं.

मग हळूहळू बाहेर आलं. दसऱ्याला सूनबाईने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डाग राहिला. तो काढायला संजयसाहेबांनी भांड्याची घासणी आणि कपड्याची पावडर घेतली.
तिकडे धुळ्यात एकाने चकचकीत करून दिली. तीन वेळा धुतली, जाळं परत वर.

"पूजे, बठ्ठं निघी जाई ना?"
पूजाने रंगाची जाडी मोजायचं मशीन काढलं. इंच इंच लावून बघितलं. वीसच वर्षांची आहे, पण घाई नाही.
"नाही मामा. सगळं नाही, पण पुष्कळ निघेल. या दोन जागी वरचा थर तुम्हीच घासून पातळ केलाय. तिथे पॉलिशचं मशीन नाही लावणार."
"थोडं जोरात लाव ना."
"लावते. आज चमकेल, वर्षभरात उन्हाने पापुद्रे निघतील."
"माझी गाडी आहे, मी सांगतो ना!"
"गाडी तुमची. हात माझा."

हे ऐकून मी पदर तोंडाला लावला. रडायला नाही.

संजयने बोनेटवरून बोट फिरवलं. मग बारीक आवाजात म्हणाला, "तो धुळ्यातला म्हणाला होता, सगळं निघालं."
पूजा म्हणाली, "ते नुसतं मेणाने झाकलं होतं, मामा."

"किती दिवस लागतील?"
"आज दोन गाड्या आधीच्या आहेत. तुमची उद्या घेते. पॉलिश, मग कोटिंग. परवा न्या, आठवडाभर पाणी लावू नका. पुढच्या शनिवारी दाखवायला आणा."
"शनिवारी आणतो."

मी म्हटलं, "कुठे आणशील रे? शनिवारी इथे तुझे टायर असतील ना?"

संजयने खिशात हात घातला. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.
शटरची मागितली नाही.
धुळ्याची एसटी पकडायला रिक्षाने स्टँडवर गेला.

वंदे, लोक या पोस्टच्या खाली हात जोडतील, फुलं टाकतील. टाकू देत.
तुझ्या पोरीला सख्ख्या मामाच्या तोंडावर "नाही" म्हणता येतं. तू तिला ते हातात देऊन गेलीस, आता दुकान कोणी मागून दाखवावं.

आईने लेकीच्या पाया पडायचं नसतं म्हणतात.
मी आज पडले.
जा बाई, सुखाने राहा.