होणाऱ्या जावयाच्या दुकानातली गोळी

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या नाकाला चप्पल लावलेली होती. चप्पल माझ्या मेव्हण्याची होती आणि नवी नव्हती.

पाथरीत माझं कापडाचं दुकान आहे. माणूस उंबरा ओलांडतो तेवढ्यात तो घेणार की नुसता बघणार, हे मी ओळखतो अशी माझी ख्याती आहे. (ही ख्याती मीच पसरवली आहे. आदल्याच आठवड्यात तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई मला कपाटातल्या झाडून सगळ्या साड्या उलगडायला लावून, फुकटचा चहा पिऊन, "रंग न्हाई आवडले" म्हणत निघून गेली, ती गोष्ट वेगळी!)

तर आमच्या रेणुकाला गंगाखेडचं स्थळ आलं. मुलगा अमोल, फार्मसी शिकलेला, स्वतःचं मेडिकल, घरात तो आणि आई. आमची रेणुका शाळेत शिक्षिका आहे आणि आलेल्या स्थळांना ती पेपर तपासल्यासारखे मार्क देते. आजवर एकही पास झालं नव्हतं. पण हा फोटो तिने दोनदा पाहिला आणि म्हणाली, "बरा वाटायलाय." घरात दिवाळी! सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमी मधी काही करू नका. तुमच्यामुळं हे स्थळ मोडलं तर बघा!"

मी काय करणार होतो? काहीच नाही. पण मेव्हणा बाळू स्वस्थ बसू देईल तर ना!

"दाजी, बायोडाट्यात काय, कुणी बी काय बी लिहितंय," तो माझ्या कानाशी लागला. "गुपचूप गंगाखेडला जावा. गिऱ्हाईक होऊन! दुकानदाराचा खरा स्वभाव काउंटरवरच कळतोय."

हे मला पटलं. माल हातात घेतल्याशिवाय घेऊ नये, हे तर मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. मी डोक्याला रुमाल बांधला, काळा गॉगल चढवला आणि एसटीत बसलो. आरशात मी मलाच ओळखू आलो नाही, इतकं ते वेषांतर जमलं होतं. मिशी तेवढी तशीच राहिली.

मेडिकल चकाचक. काउंटरमागे अमोल. फोटोपेक्षा बरा!

"काय देऊ, काका?"

इथे माझ्या लक्षात आलं की आजार ठरवायचा राहून गेलाय.

"गुडघे," मी म्हणालो.

"बीपीची गोळी चालू हाय का? पोटात अल्सर, किडनीचा काही त्रास? दुखण्याची गोळी कुणालाबी कोणतीबी चालत न्हाई."

"तसलं काही न्हाई."

"मग साधी देतो. दोन-तीन दिवसांत न्हाई थांबलं तर डॉक्टरला दाखवा."

झालं! एवढ्यात संपलं! एवढ्यावरून काय स्वभाव कळणार? मी पुढे सरसावलो. "खोकला बी हाय."

"कोरडा का कफ पडतो?"

"दोन्ही. सकाळी कोरडा, संध्याकाळी ओला."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण आवाज चढवला नाही. "या खोकल्याच्या औषधानं झोप येती, घेतल्यावर गाडी चालवू नका. आन् वरून दुसरी सर्दीची गोळी घेऊ नका. दोन्हीत तेच औषध असलं तर डबल डोस होतो."

पोरगा शांत होता, फारच शांत. आता त्याला चिडवायचंच, असं मी ठरवलं. चक्कर सांगितली. पाठदुखी सांगितली. हाताला मुंग्या सांगितल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मी वाकून त्याच्या कानात मूळव्याधही सांगितली. त्यानेही वाकून, हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून?" (इथे मी त्याला मनातल्या मनात आहेर केला!)

मग मात्र त्याने काढलेलं सगळं परत कपाटात ठेवलं. "काका, एवढं सगळं असंल तर मी काहीच देत न्हाई. आधी डॉक्टरकडं जावा."

मी थक्क! गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि दुकानदार माल परत ठेवतोय! माझ्या उभ्या आयुष्यात मी असलं पाप केलेलं नाही. पण रिकाम्या हाताने निघायला मन होईना. "पित्ताचं तरी काही द्या हो!"

त्याने एक चपटं पाकीट काढलं. "बीपी नक्की न्हाई ना? याच्यात मीठ असतं. ही गोळी ग्लासभर पाण्यात टाकायची, पूर्ण विरघळली की मग प्यायची. चावायची न्हाई, गिळायची न्हाई." पाकिटावर त्याने लाल पेनने पाण्याच्या ग्लासाचं चित्रही काढलं. मी त्या वेळी त्याच्या शर्टाची कॉलर बघत होतो. शिलाई एकदम सरळ होती.

"मी काय सांगितलं, सांगा बरं काका?"

"पैसे किती झाले?" मी म्हणालो.

घरी येऊन मी जाहीर केलं, "पोरगा म्हणजे अस्सल रेशीम!" येत्या रविवारी बघायला या, असा निरोप गेला आणि घरात एकच धांदल उडाली. पडदे बदलले. चिवडा झाला, शंकरपाळे झाले, आणि ते नीट झालेत की नाही हे तपासायची जबाबदारी मी एकट्याने उचलली. परिणामी रविवारी सकाळी छातीत होळी पेटली. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि मला गंगाखेडची गोळी आठवली!

स्वयंपाकघरात धावलो. ट्रेमध्ये नवेकोरे ग्लास मांडलेले. एकाला हात घातला तोच सुमन कडाडली, "खबरदार! ते पाहुण्यांचे हायत! तुमी भायेर जावा, पाहुणे आले!"

आता काय करता? गोळी ती गोळी, पोटात गेली म्हणजे झालं! पाकीट फाडलं आणि रुपयाएवढी ती गोळी तोंडात टाकून कडाकड चावत मी दारात हजर झालो.

"नमस्कार," अमोलची आई म्हणाली. "कसे हाव?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात तोंडात काहीतरी उकळायला लागलं. मी ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. गाल फुगले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी हसायचा प्रयत्न केला आणि तिथेच घात झाला! फेस ओठांतून बाहेर आला, मिशीवर चढला, हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर उतरला. थोडा नाकातही गेला, डोळे पांढरे झाले, आणि मी सोफ्यावर कोसळलो.

"दाजीला फीट आली!" बाळू किंचाळला. "चप्पल आणा! न्हाईतर राहू द्या, माझीच हाय!"

आणि ती चप्पल माझ्या नाकावर दाबली गेली. तो वास घेऊन मला खरंच फीट यायची वेळ आली! सुमन रडायला लागली. अमोलच्या आईने उघडलेली पर्स बंद केली. "आमाला कामून सांगितलं न्हाई?" त्या म्हणाल्या. "खानदानात हाय का हे?" दाराआड उभ्या असलेल्या रेणुकाचा चेहरा मला चपलेच्या कडेने दिसला. पोरीला एक मुलगा बरा वाटला होता, आणि मी त्याच्यासमोर धोब्याच्या बादलीसारखा फेसाळत पडलो होतो.

"चप्पल काढा आधी!" अमोल पुढे आला. त्याने मला बसतं केलं, मान खाली केली. "थुंका. सगळं थुंका. आता गुळणी करा." पाहुण्यांच्या नव्याकोऱ्या ग्लासातलं पाणी शेवटी मलाच मिळालं. खाली पडलेलं पाकीट त्याने उचललं. त्यावरचं लाल ग्लासाचं चित्र पाहिलं. मग माझी मिशी पाहिली.

"फीट बीट काही न्हाई, आई. यांनी पाण्यात टाकायची गोळी चावून खाल्ली." आणि मग काळजीने, "काका, तुमी डॉक्टरकडं गेलता का? गुडघे, खोकला, चक्कर, मुंग्या..."

आई बसत होत्या, त्या परत उभ्या राहिल्या! "एवढं सगळं?"

"आन् अजून एक हाय," म्हणून तो सज्जन मुलगा थांबला.

आता एक तर मी जगातला सर्वांत आजारी सासरा होतो, नाही तर सर्वांत लबाड. मी रेणुकाकडे पाहिलं आणि ओरडलो, "मला काहीबी झालेलं न्हाई! मी ठणठणीत हाव! मी तुमचा स्वभाव बघायला आलतो! सगळं खोटं सांगितलं!"

बाळूने हळूच चप्पल पायात घातली. सुमन माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिच्यावर कोणत्याच मेडिकलमध्ये औषध मिळत नाही.

अमोलच्या आई खाली बसल्या. पर्समधून स्कार्फ काढून त्यांनी कपाळ पुसलं. तो स्कार्फ मी कुठेतरी पाहिला होता.

"ती डाळिंबी साडी हाय का अजून," त्या मान खाली घालून म्हणाल्या, "का विकली?"

मी बघतच राहिलो. "म्हंजे त्या दिवशी तुमी..."

"कपाट रिकामं केलं तरी तुमी चिडला न्हाई, उलट चहा पाजला. तवाच म्हणलं, घर चांगलं हाय."

(मी चिडलो होतो! त्या गेल्यावर दीड तास एकटाच बडबडत होतो. पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती.)

मग आधी सुमन हसली आणि तिच्या मागोमाग सगळं घर! दाराआडून रेणुका बाहेर आली, पोहे न घेताच. "आई," ती सुमनला म्हणाली, "पप्पांना एका शब्दात गुळणी करायला लावणारा माणूस आपल्या घरात आजवर झाला न्हाई. मला पसंत हाय." मी त्या फेसाळ सदऱ्यावर डोळे पुसले. आनंदाने, आणि थोडे त्या गोळीनेही.

डाळिंबी साडी अर्थातच विहीणबाईंना दिली. पुढे सुपारी फुटली, टाळ्या वाजल्या, अमोल पेढा घेऊन माझ्यासमोर आला, आणि दोन्हीकडच्या समस्त पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं,

"जावईबापू, हा पाण्यात टाकायचा का तसाच खायचा?"