अनुसयाबाईंची वंदना

नकलेत अनुसयाबाईंचा आवाज काढायचा तर शेजारी चक्की सुरू आहे असं आधी मनात धरावं लागतं. बोरगाव मेघेत त्यांची पिठाची चक्की आहे, आणि वडनेरहून लग्न होऊन आल्यापासून त्या पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवूनच बोलत आल्यात. चक्की बंद झाली तरी आवाज खाली येत नाही. कोणी ओलसर गहू दळायला आणले की काकू विचारतात, धुऊन आणले का रडून? हे चौकातल्या पानठेल्यापर्यंत जातं.

त्यांचे मिस्टर प्रेमदासकाका अगदी उलटे. सायकली दुरुस्त करायचे, बोलायचे नाहीत. दुकानात लडाखच्या एका मठाचं कॅलेंडर होतं. वर्षं उलटली तरी त्यांनी ते उतरवलं नाही. एकदा तिथं बुद्धापुढं बसून वंदना म्हणायची, एवढंच त्यांचं स्वप्न. या हिवाळ्यात ते वारले. म्हणून विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष मधुकरराव यांनी लडाखची सहल काढली, तेव्हा काकूंनी एकच अट घातली. बाकी काही दाखवू नका, पण त्या मठात मला बसू द्या, यांच्या नावानं पुण्यानुमोदन करायचं आहे.

"वहिनी, तो तर आपला मेन पॉइंट," मधुकरराव म्हणाले.

सहलीत मी आणि माझी आईही होतो. लडाखला पोचल्यावर कळलं की मधुकररावांकडं सगळेच पॉइंट. दोन नद्या मिळतात तो संगम पॉइंट, याकवर बसायचा याक पॉइंट, बर्फ दिसला की बर्फ पॉइंट. प्रत्येक ठिकाणी मधुकररावांची शिट्टी आणि नाकातला आवाज: चला, फोटो काढा, बाथरूमले जाऊन या, बसा. मठाच्या दिवशी वाटेत मॅग्नेटिक हिल लागली. तिथं गाडी चढावर आपोआप जाते म्हणतात. ड्रायव्हरनं न्यूट्रल टाकला. अर्धी बस म्हणाली सरकली, अर्धी म्हणाली नाही. मग पुन्हा. मग मधुकररावांच्या जावयाचा व्हिडिओ हुकला, म्हणून पुन्हा. काकू पांढऱ्या साडीवर स्वेटर घालून, मेणबत्त्या-उदबत्तीची पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. चढ असो का उतार, तुमाले इथं शेती करायची हाय का, असं त्यांनी विचारलं. कोणी ऐकलं नाही. त्या विरळ हवेत चक्कीचा आवाज चालेना.

मठाच्या पायथ्याशी मधुकररावांनी जाहीर केलं की उशीर झाला, हॉटेलात जेवण थांबलंय, मठ खालूनच पाहून घ्या, व्ह्यू इथूनच चांगला येतो. खिडक्यांतून सगळे मोबाइल बाहेर आले. काकू उठल्या, दार उघडलं आणि पायऱ्या चढू लागल्या. आई म्हणाली, जा त्यांच्यासोबत, आणि आपला फोन मला दिला. आईचं पोस्टपेड होतं. बाहेरचे प्रीपेड लडाखात चालत नाहीत, त्यामुळे आमचे मुकेच होते.

काकू चढताना शिव्या देत होत्या, पण श्वास पुरत नव्हता, म्हणून शिव्या हप्त्याहप्त्यानं येत होत्या. हा मधुकर... कमिटीच्या निवडणुकीले... दारात येते तवा... हात जोडते मेला...

वर मोठं दालन. दोन मजले उंच सोनेरी बुद्ध, तुपाचे दिवे, पुढं बिस्किटांचे पुडे, कोपऱ्यात तोंड झाकलेल्या उग्र मूर्ती. काकूंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"बाबासाहेब कुठी हायेत?"

आमच्याकडच्या कोणत्याही विहारात बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतोच. काकूंनी जन्मात एकटा बुद्ध पाहिला नव्हता. दिव्यांत तूप घालणारे म्हातारे लामा हिंदीत म्हणाले, "माताजी, यहाँ नहीं है।"

"काऊन नाई?"

लामा पुढच्या दिव्याकडं वळले. काकूंनी फोनसाठी माझ्याकडं हात पुढं केला. मी फोनवर बाबासाहेबांचा फोटो लावला, लामांनी बिस्किटांचे पुडे सरकवून जागा करून दिली. मेणबत्त्या लागल्या. काकू मांडी घालून बसल्या, हात जोडले, "नमो तस्स" म्हणाल्या, आणि फोन वाजला. स्क्रीनवरून बाबासाहेब गेले आणि गॉगल लावलेले मधुकरराव आले. मी कट केला. पुन्हा बाबासाहेब, पुन्हा नमो तस्स, पुन्हा गॉगल. तिसऱ्यांदा काकूंनीच उचलला.

"वहिनी, पूर्ण बस तुमच्यासाठी थांबून राह्यली. जेवन थंडं होऊन राह्यलं."

काकू हळू बोलल्या. त्यांचा हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, आणि मला तो अजून काढता येत नाही.

"भाऊ, त्या चढावर बस घरंगळते का नाई हे पाहाले तुमाले टाइम होता. माह्या मानसासाठी नाई. आता वर या. साधु म्हनायले कोनी लागते. एकटीनं होत नाई ते."

ते खरंच होतं. शेवटी एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी साधु, साधु, साधु म्हणून साथ द्यायची, तेव्हा ते पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे जातं. ती साथ खाली बसमध्ये खिडकीला चिकटली होती.

मधुकरराव आले. मागं माझी आई, आणखी चारपाच जण. मधुकरराव भांडायलाच आले होते. तोंड उघडं, बोट वर, पण तोंडातून नुसती हवा. खांब धरून उभे राहिले. काकूंनी वळूनही पाहिलं नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, प्रेमदास नाव घेऊन झालं. मग वळल्या.

"सा..." मधुकरराव म्हणाले. दम घेतला. "...धु."

"आयकू नाई आलं," काकू म्हणाल्या. "जोरात म्हना."