फळ्यावरची बातमी

मुरुडचा आमचा वार्ताहर बातमीचा कागद शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि जाहिरातीचा पँटच्या. "एकात एक मिसळू न्हाई, सर," म्हणायचा. दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात होती.

एका क्लासच्या वसतिगृहात पोरींना जेवणातून विषबाधा झाली. त्यानं बातमी आणली. लातूरच्या ऑफिसात ती मी थांबवली, कारण त्या क्लासची पानभर जाहिरात होती. तीही त्यानंच आणलेली.

"हाव सर," एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी मी मुरुडच्या स्टँडवर उतरलो. तिथल्या फळ्यावर खडूनं अख्खी बातमी लिहिलेली होती, आणि लोक थांबून वाचत होते. आम्ही त्याच्या बातमीवर नुसतं 'वार्ताहर' छापायचो. फळ्यावर त्यानं खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.