कांताबाईचा लाल चाकू

मार्कंड्याच्या जत्रेत कांताबाई शिंगाडे विकायला बसते. पण माल अर्धासुद्धा खपत नाही तोच उठते आणि समोरच्या चाकूवाल्याच्या पालापुढे जाऊन उभी राहते. तो चिडवतो, "या बाई! दरसाल पाह्यता, घेत तं काईच नाई. चाकूसंग सोयरीक कराची हाय का?" ती हसत नाही.

पालात घडीच्या चाकूंच्या दोन जाती. चहा-भज्याच्या पैशात येणारा लाल मुठीचा, पातळ पात्याचा. खाचेत नख घालून दोन्ही हातांनी ओढावं तेव्हा कुठे उघडणार. दुसरा महागडा. अंगठ्यानं सरकवला की खट् करून उघडतो आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. कांताबाई तांब्यात हात बुडवते आणि ओल्या, एकाच हातानं दोन्ही उघडून पाहते. लाल काही उघडत नाही, महागडा दर वेळी उघडतो. मग ती गुमान शिंगाड्यांकडे परत येते. नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलं, म्हणतात लोक. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

नवरा म्हणजे धनराज. वैनगंगेवर मासेमारीसाठी त्याचा डोंगा चाले. एका जत्रेत याच पालापुढे धनराज महागड्या चाकूची पोरासारखी उघडझाप करत उभा होता. कांताबाईच म्हणाली, "मासे काय चाकूचा भाव इचारतेत? हा लाल घ्या जी." त्यानं मुकाट्यानं लाल घेतला.

त्याच साली तो जाळ्यात पाय गुंतून डोहात गेला. जोडीदार इसरूनं बुडी मारून त्याला वर काढलं. डावा हातही जाळ्यातच होता. ओठ फाटला होता. दगड लागला असेल, म्हणाले. "पडल्याबरोबर सूद गेली, बाई. त्याले काईच समजलं नाई," असं सांगून इसरूनं लाल चाकू तिच्या तळहातावर ठेवला. मिटलेला.

म्हणजे उघडलाच नाही. आपणच मारलं त्याला. तेव्हापासून घरात कडी जरी खट् वाजली तरी तिला तो न घेतलेला महागडा चाकू आठवतो.

यंदा मात्र तिनं दोन्ही चाकू विकत घेतले आणि तडक इसरूचं घर गाठलं. महागडा त्याच्यापुढे धरला. "भाऊ, तुमी रोज पान्यात जाता. हा ठेवा."

इसरूनं तो उघडला, पात्यावरून अंगठा फिरवला. "लय महागाचा हाय, बाई. मी नाई घेत." त्यानं चाकू मिटला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

कांताबाईचा हात तसाच राहिला. "मिटला काऊन?"

"उघडा चाकू कोनाच्या हाती देत असतेत का? वैर येते."

"त्या दिशी?"

इसरूनं मान खाली घातली. "उघडाच होता, बाई. मुठीत. दातानं उघडला असन त्यानं, ओठ त्यानंच फाटला. पायाचे दोरे कापून झाले होते. हाताचे कापून राह्यला होता, थोडकेच बाकी होते. तुमाले कसं सांगू?"

ती तशीच घाटावर गेली. धनराजचं जुनं जाळं पाण्यात भिजवलं, खुंटाला गुंडाळलं. महागड्यानं दोरे सरसर तुटले. मग तिनं नवा लाल चाकू दातांत धरून उघडला आणि डोळे मिटून लावला. दोरा नाही तुटला तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. पण लालही चालला. जरा अडखळत, पण एकेक दोरा तोडत तो थेट खुंटापर्यंत गेला.

म्हणजे चाकूचा दोष नव्हता, तिचाही नव्हता. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडली तो वैरीच हातून गेला आणि बाई एकदम रिकामी झाली. डोहाचं पाणी हलत नव्हतं. कापलेलं जाळं मांडीवर घेऊन ती डोहाकडे पाहत राहिली.

"मंग थांबले काऊन जी?" ती म्हणाली. "थोडकेच तं राह्यले होते."