बाजेखालची शेगडी

माझी मुलगी ऐन वैशाखात जन्मली, आणि तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, रीतीप्रमाणे माझ्या बाजेखाली शेगडी पेटवली. डोणगावजवळच्या माझ्या माहेरी शेकल्याशिवाय बाळंतीण अंग धरत नाही, असा पक्का समज आहे. खिडकी बंद, दाराला गोधडी, निखाऱ्यांवर ओवा आणि लेकराच्या डोक्याला लोकरीची टोपी. कूलर होता, पण समोरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी. आमच्या खोलीत त्याला मज्जाव. आणि वर टिनपत्रे.

मी मुळात ऐकून घेणारी नाही. पण पहिलटकरीण होते, आणि आईनं याच रीतीनं चार लेकरं वाढवली होती. चारही धडधाकट, त्यातली एक मी. तेव्हा निमूट शेकून घेत होते.

एका सकाळी मुलगी रडेनाशी झाली. किती शहाणी आहे, नुसती झोपते, असं आई कौतुकानं म्हणाली. मला ते शहाणपण पटेना. छातीशी घेतलं तर ओढेना, अंग चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखं तापलेलं, आणि लंगोट कालपासून कोरडा. मी टोपी काढून फेकली, तिला उघडी करून पदराखाली घेतली आणि भावाला गाडी काढायला लावली. आई उंबऱ्यात आडवी आली. ओल्या बाळंतिणीनं उन्हात जायचं नसतं, वारं लागतं, चार लोक काय म्हणतील. मी तिला बाजूला सारून गेले.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. दुखणं काही सापडलं नाही. पोरीला ताप आलेला नाही, तिला तापवलंय, असं त्या स्पष्टच म्हणाल्या. गार खोलीत मला पाजत बसवलं. अंग निवत गेलं, तशी ती थोडंथोडं ओढू लागली. घरी सोडताना त्यांनी बजावलं की सारखं पाजा, मोकळ्या हवेत ठेवा, आणि संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर तडक परत आणा, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

घरी आले तर शेगडी नव्यानं पेटलेली. माझं डोकं फिरलं. पण भांडणात आई हरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी ती टोपी उचलून तिच्याच हातात दिली.

"आई, आता तू निज ह्या बाजीवर. टोपी घाल, गोधडी घे. आम्ही दोघी भाईर बसतो."

आई तशी हट्टी. खरंच जाऊन झोपली. मी समोरच्या खोलीत, कूलरपासून जरा बाजूला, मुलीला पाजत बसले. चहा उकळायला लागतो तेवढा वेळही आई टिकली नाही. घामानं निथळत बाहेर आली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याली. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग ती मान वर करून टिनांकडे पाहत राहिली.

"माह्या मायनं इथं येऊन मले ह्याच बाजीवर शेकलं वं," ती म्हणाली. "पण तवा वर मातीचं धाबं होतं. आन् ऊनही असं नव्हतं."

माझा राग तिथंच उतरला. जाड मातीच्या छताखालच्या गार खोलीत शेगडीला काही अर्थ असेल. आता वर टिनं आली होती, आणि उन्हाळा दर वर्षी आधीपेक्षा जास्त चढत होता.

आईनं स्वतः निखाऱ्यांवर पाणी ओतलं. घरामागं धाब्याची एक जुनी खोली उरली होती, गुरांचं कुटार, म्हणजे कोरडा चारा, ठेवायची. ते सगळं तिनं भावाकडून बाहेर काढवलं, खोली झाडून-पुसून घेतली, दाराला ओलं लुगडं बांधलं आणि बाज तिथं हलवली. मग मी पाजायचे आणि ती मांडीवर घ्यायची. उन्हं उतरणीला लागली तरी पोरगी कोरडीच होती. भाऊ गाडीची किल्ली हातात धरून अंगणात उभा होता. मला फार भीती वाटत होती.

तेवढ्यात आईनं आपल्या मांडीकडे पाहिलं. साडीवर ओला डाग पसरत होता. तिनं पाय जराही हलवला नाही.

"मुतली वं पोरगी," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

दिवेलागण होऊन गेली तरी तिनं ती साडी बदलली नाही.