चिमाबाईचा हात

चिमाबाईचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. एक्सप्रेसवेचं काम चालू होतं तेव्हा तिनं घाटात खडी फोडली. रस्ता झाला, मुकादम गेला, हातोडा गेला. हात तसाच राहिला.

तिच्या गावात, कुरवंड्यात, त्या हाताची एक गोष्ट सांगतात. तिचा नवरा सीताराम दारू पिऊन तिला मारायचा. तिचं ओरडणं आळीभर ऐकू जायचं आणि आळी दारं लावून घ्यायची. एका संध्याकाळी त्यानं चुलीतलं लाकूड उचललं. तिनं ते वरच्या वर पकडलं, हिसकावलं आणि त्याच्याच खांद्यावर घातलं. हाड मोडलं तेव्हा मात्र सगळी दारं उघडली. बायकांनी तिला चहा पाजला. म्हातारे म्हणाले, बाई असावी तर अशी.

गोष्ट इथंच संपते. पुढचं कोणी सांगत नाही. सीतारामची दारू सुटली, पण त्या घरातली मारहाण सुटली नाही. मारणारं माणूस तेवढं बदललं. दूध उतू गेलं म्हणून, उशीर झाला म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून सीताराम मरेपर्यंत मार खात राहिला. मुलगी रेणुकाही खायची. नळावर चिमाबाई खांद्याची गोष्ट सांगायची तेव्हा छोटी रेणुका बाप होऊन चिखलात आडवी पडून दाखवायची. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

मोठी झाल्यावर रेणुका लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात लागली. तिथंच तिनं घोरावाडीच्या अतुलशी लग्न ठरवलं. तो बर्फाची यंत्रं दुरुस्त करायचा. रायगडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, तिथल्या छोट्या शहरात, बर्फाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेली. मुलगी झाल्यावर रेणुका एकदाच माहेरी आली. बाळाला नीट धरलं नाही म्हणून चिमाबाईनं पाहुण्यांसमोर तिच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर ती आली नाही.

आणि मग पावसाळ्यानंतर एक फोन आला.

"मी जैतुनबी. रेणुकाच्या शेजारी राहते, सुक्या मासळीचं दुकान आहे माझं. आजी, तुमच्या लेकीच्या घरात रोज मारहाण होते. परवा पोरीचा हात सुजला होता. कुणीतरी येऊन जा."

"येते," चिमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. मारणारा कोण, हे तिनं विचारलं नाही. तिला ती विचारायची गोष्ट वाटली नाही.

कुरवंड्याच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं. जन्मभर तिनं ते वरूनच पाहिलं होतं. घाट उतरून कुठं जायचं, कुठली गाडी, काही माहीत नव्हतं. पण गावातला विक्की सहली न्यायचा. त्याच्या मिनीबसवर 'बेट दर्शन, एक दिवसात' असं लिहिलेलं होतं. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमी आन सहलीला?"

"का? समुद्र तुज्या बापाचा हाय?"

सकाळी बस निघाली. विक्कीनं माईक हातात घेतला. उजव्या बाजूला काय, डाव्या बाजूला काय ते तो सांगत होता, आणि खोपोली मागं पडल्यावर भेंड्या सुरू झाल्या. चिमाबाईच्या शेजारी रखमाजी बसला होता, रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन. तो सारखा मांडी हलवत होता.

"चिमाबाय, पिशवीत काय हाय? टोचतंय."

"कोयता."

"कशापाय?"

"शहाळं सोलाया."

"तितं शहाळंवाला सोलूनच देतो की."

"त्यो त्याच्या हातानं सोलतो."

रखमाजीनं मांडी आवरून घेतली.

बस अलीकडच्या किनाऱ्यावर थांबली. पुढं लाँच. सगळ्यांनी समुद्राचे फोटो काढले. चिमाबाई लाँचच्या मधोमध पिशवी पोटाशी धरून बसली होती. समुद्राकडं तिनं पाहिलं ते एवढंच, की हे किती वेळात ओलांडून होतंय.

बेटाच्या धक्क्यावर विक्कीनं पिवळी छत्री वर धरली. "किल्ला, देऊळ, मग सुरमई थाळी. चार वाजता सगळे इथं. ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही. मागं राहिला तो उद्यापर्यंत बेटावरच."

छत्री डावीकडं गेली. चिमाबाई उजवीकडं वळली.

जैतुनबीचं दुकान वासावरून सापडलं. जैतुनबी टोपली खाली ठेवून उठली. "आजी, आधी माझं ऐकून घ्या."

"ऐकाया येळ न्हाई. घर कंचं?"

घर बर्फाच्या कारखान्यामागं होतं. दोन खोल्या, वर पत्रा. दार उघडं होतं. अतुल जमिनीवर बसून चार वर्षांच्या मुक्ताची वेणी घालत होता. चिमाबाईनं पिशवी टाकली. कोयता हातात होता. बोथट बाजू पुढं, असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. तो वर गेला आणि खाली आला.

खाली येता येता तिनं पाहिलं. अतुल उठला नाही, ओरडला नाही. त्यानं पोरीला खाटेखाली ढकललं आणि अंगाचं गाठोडं केलं. डावा खांदा पुढं, दोन्ही कोपरं कानांवर, हनुवटी छातीत. डोळे मिटलेले. कोण मारतंय हेही त्यानं पाहिलं नाही.

असं बसणं एका दिवसात जमत नाही. ते माणसाला शिकवावं लागतं, आणि शिकवायला वर्षं जातात. चिमाबाईनं ते एका माणसाला शिकवलं होतं. सीताराम तंतोतंत असाच बसायचा.

कोयता त्याच्या कोपरावर बसला. आवाज झाला. तो तसाच राहिला, पुढच्या फटक्याची वाट बघत. पुढचा आला नाही तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"आई, तुम्ही?"

"तुला कोण मारतं?"

"मी पडतो. जिन्यावरून."

"घराला जिना कुटाय?"

त्यानं कोपर दाबून धरलं. कानामागं जुनी खूण होती, मानेवर नवी. तो म्हणाला, "चौकीवर गेलो होतो एकदा. म्हणाले, बांगड्या भर. हसले सगळे. चहा पाजला मला."

"आन पोरगी?"

"भात सांडला म्हणून. उलथन्यानं."

"तू बघत बसलास."

"मी मध्ये पडलो की दोघांना बसतं. नाही पडलो तर एकाला."

मुक्ता खाटेखालून बघत होती. ती रडत नव्हती. रेणुकाही लहानपणी रडायची नाही. चिमाबाईला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा.

तेवढ्यात दारात सावली पडली. रेणुका एका लॉजच्या स्वयंपाकघरात काम करायची, दुपारी जेवायला घरी यायची. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, कोयत्याकडं पाहिलं.

"कोयता घिऊन आलीस? माज्या घरी?"

"तुज्यासाठी आलते. वाटलं त्यो मारतो."

"हा?" रेणुका हसली. "हा डासबी मारत न्हाई. फुंकर घालतो."

"पोरीला का मारलंस?"

"तू मला का मारायचीस?"

उत्तर नसलं की चिमाबाईचा हात उठायचा. तो उठला. रेणुकाच्या गालावर बसला आणि लगेच रेणुकाची मूठ तिच्या तोंडावर आली. चिमाबाई चौकटीवर आदळली. दाताचा तुकडा जिभेवर आला. तिनं लेकीचे केस धरले, लेकीनं तिचा गळा. दोघी खाली आल्या. पातेली सांडली. रेणुका आईच्या छातीवर बसून मारत होती, एकसारखी, घाई नसल्यासारखी. खडी फोडतात तशी. कोणी ओरडत नव्हतं. कोपऱ्यात अतुलनं पुन्हा अंगाचं गाठोडं केलं होतं.

चिमाबाईच्या बोटांना कोयत्याची मूठ लागली. ती तिनं धरली. आता बोथट बाजू कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. वर लेकीचा चेहरा होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं काम होतं. सीतारामला खालून हेच दिसत असणार.

तिनं कोयता दाराबाहेर भिरकावला. तो दगडावर वाजला. त्या आवाजानं रेणुका थांबली. धापा टाकत बाजूला झाली.

"किती हलकी झालीस गं आये," ती म्हणाली. "आदी तुजी एक बसली की मी चुलीपर्यंत जायची."

चिमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "चल घरी."

"कुणाला मारायला?"

बाहेर कारखान्याची मोटर सुरू झाली. भिंत थरथरू लागली. रेणुकानं आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडं बघत बोलली, "ह्यो उठतो तवा मला कळत न्हाई. पडल्यावर कळतं. हिला ने."

"कुटं? माज्याकडं?"

दोघींनी कोपऱ्यातल्या अतुलकडं पाहिलं.

"मग त्यालाबी ने. दोगांना ने. पन मी हितं असताना निघू नका. मी जाऊ द्यायची न्हाई. मी मला ओळखते."

ती उठली. तोंड धुतलं, केस बांधले. न जेवताच कामावर गेली. दारातून जाताना तिनं खाटेखाली पाहिलं नाही.

चिमाबाईनं अतुलला कपडे भरायला सांगितले. तो उभाच राहिला. "ती एकटी राहील," तो म्हणाला.

"व्हय. राहील."

"ती वाईट नाही, आई."

"मी कुटं म्हनते? पोरगी काढ खाटेखालून. मी हात घातला तर ती यायची न्हाई."

धक्क्यावर पाणी पायऱ्या सोडून खाली चाललं होतं. विक्कीनं चिमाबाईचं सुजलेलं तोंड पाहिलं, तिच्यामागं पिशवी घेतलेला माणूस पाहिला, त्याच्या कडेवरची पोर पाहिली.

"मावशी, हे काय? एकट्या गेलात, तिघं आलात?"

"लाँच सोड."

"बसमध्ये जागा न्हाई ओ."

"लाँच सोड, विक्की."

दोर सुटला तेव्हा रेणुका आली. लॉजवरून घरी डोकावून, तिथून पळत, हातात एप्रन. धक्क्यावरचे लोक आपोआप बाजूला झाले. अतुलनं पोरीला छातीत दाबलं आणि खांदा पुढं केला. लाँच आणि धक्का यांच्यामध्ये एका उडीएवढं पाणी होतं. रेणुका कडेला येऊन थांबली. ती उडी मारणार, असं सगळ्यांना वाटलं. चिमाबाई काठाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय रोवून. लेक आलीच तर तिला समुद्रात ढकलायची तयारी तिनं केली होती.

रेणुकाच्या दुसऱ्या हातात मुक्ताच्या चपला होत्या. तिनं त्या फेकल्या, असेल नसेल त्या ताकदीनं. एक अतुलच्या भुवईवर बसली आणि रक्त आलं. दुसरी पाण्यात पडली.

मग ती खाली बसली. लाँच वळेपर्यंत ती बसलेली दिसत होती.

बसमध्ये रखमाजी उठला आणि पुढं ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर जाऊन बसला. "या, गँगमन," ड्रायव्हर युनूस म्हणाला, "इथं इंजिन तापतं, शेक मिळेल." लोक हसले. चिमाबाईनं अतुलला खिडकीशी बसवलं. पोर त्याच्या मांडीवर झोपली. आपण कडेला, पोरीपासून लांब.

विक्कीनं पुन्हा भेंड्या लावल्या. मागचे गात होते. चिमाबाईचं तोंड एवढं सुजलं होतं की शब्द नीट फुटत नव्हते.

"माज्या घरी राहायचं. काम बघू. तळेगावाकडं कारखाने हायेत." ती थांबली. "पन मी बी तसलीच हाय. ते तुला म्हाईत हाय ना?"

अतुलनं मांडीवरच्या पोरीचं डोकं सावरलं.

"रेणुकाच्या बाला मी तसंच बसवलं होतं, तू बसतोस तसं. गाव मला वाघीण म्हनायचं. आता पोरीवर हात उठला तर कोन धरनार? गाव न्हाई धरायचं. तू धरायचा."

"मला नाही जमणार."

"बायकूचा न्हाई धरलास. माजा धर."

घाट लागला होता. बस पहिल्या गिअरवर कण्हत चढत होती. चिमाबाईनं वळून हात उगारला. अतुलचे डोळे मिटले, खांदा पुढं आला, कोपरं कानांवर गेली. पोर झोपेत दचकली.

"डोळे उघडे ठेव," ती म्हणाली.

तिनं पुन्हा उगारला. या खेपेस त्याचे डोळे उघडे राहिले, पण हात डोक्यावरच गेले. तिनं त्याला मारलं. हळू नाही. दुखेल असं मारलं.

"मावशी, बसमध्ये भांडनं नकोत," विक्की माईकवरून म्हणाला. गाणं थांबलं. लोक माना वळवून बघू लागले.

"तू गा," चिमाबाई म्हणाली.

तिनं हात उगारला. अतुलच्या भुवईवरचं रक्त सुकलं होतं. त्यानं एका हातानं पोरीला धरलं होतं, दुसरा वर आला आणि तिच्या मनगटाला लागला. बोटं मिटली. दोघांचे हात बसच्या धक्क्यांबरोबर हलत राहिले.

चिमाबाईनं हिसका दिला. हात सुटला.

"घट्ट," ती म्हणाली आणि पुन्हा उगारला.