पाय हालवत राहा

"पाय हालवत राहा," असे ते म्हणत, आणि म्हणताना स्वतःचेही पाय हालवीत. उजवा, डावा, पुन्हा उजवा, जागच्या जागी. समोर दूधवाला असो, मत मागायला आलेला उमेदवार असो की माझ्यासारखा निवृत्त शिक्षक असो, थंडीत कोणी स्थिर उभा दिसला की त्यांचा जीव खालीवर होई.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे फौजीच म्हणत. त्यांचे घर माझ्या घराला लागून होते. लिहिण्याचा मला सराव नाही. पण शेजाऱ्याविषयी चार शब्द शेजाऱ्याने लिहावेत, एवढ्याच आधाराने हे धाडस करतो आहे.

डिसेंबर लागला की चौकात पऱ्हाट्यांची शेकोटी पेटे. कापूस वेचून झालेल्या त्या वाळक्या काड्या भरकन जळतात आणि धूर मात्र फार करतात. फौजी नेमके धुराच्या बाजूला बसत. दुसऱ्या कोणाला डोळे चोळावे लागू नयेत, एवढाच त्यांचा हिशेब असावा. शेकोटीभोवती अर्थातच राजकारण निघे. आमच्या भागाचे पुढारी भाऊ. गावच्या शाळेची संस्थाही त्यांचीच. त्यांनी इतके पक्ष बदलले होते, की गावाने त्यांचे झेंडे ओळखणे सोडून दिले होते.

"भाऊ आता कोन्त्या पक्षात हायेत?" कोणी विचारी.

"सकायचं विचारून राह्यला का संध्याकायचं?" दुसरा म्हणे.

सगळे हसून झाले की फौजी काडी सारत सावकाश म्हणत, "आमचीबी बदली होये बावा. पन समोरच्या चौकीवर नाही होये."

ते बारा महिने मोजे घालीत. यवतमाळचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. कोणी खोदून विचारलेच, तर म्हणत, "डाव्या पायाचे बोटं सरकारजमा झाले." बोटे लढाईत गेली, असे गावाने परस्पर ठरवून टाकले होते. त्यांनी ते कधी मान्य केले नाही, की खोडले नाही.

एका सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांचा सत्कार ठरला. मी तेव्हा नोकरीत होतो. फाटकावर त्यांच्या छायाचित्रासह मोठा फलक लागला होता: 'रणांगणावर पाय गमावलेले वीर'. फौजींनी तो वाचला, खाली पाहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, पाय तं हाये इथंच."

झेंडावंदन वेळेवर झाले. सत्कार भाऊंच्या हस्ते होता, आणि भाऊ यायचे होते. मैदानात बोचरा वारा होता. अर्ध्या बाह्यांच्या गणवेशातली मुले सावधान उभी होती. भाऊंचा एक कार्यकर्ता दर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून सांगे, "भाऊ फाट्यावर पोचले आहेत." फाटा आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्या दिवशी तो फार लांब गेला असावा.

फौजी व्यासपीठावरून उठले आणि काठी टेकत मुलांच्या रांगांत शिरले.

"पाय हालवा रे पोट्टेहो. बुटातले बोटं हालवा. हां, अशे!"

मुले आधी खुदकन हसली, मग सगळे मैदानच जागच्या जागी चालू लागले. कवायतीचे शिक्षक धावत आले. "काका, लाईन मोडून राह्यली!"

"मोडू द्या. लाईन पुन्हा लागते, सर. बोट लागत नाही."

यथावकाश भाऊ आले. शाल पांघरली, नारळ दिला, छायाचित्रे निघाली. दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. मला वाटले, ते नको म्हणतील. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"बोटं लढाईत नाही गेले," ते म्हणाले. "वर बर्फात कोनी मोठे पाहुने येनार होते. आमाले सलामीसाठी उभं केलतं. हलायचं नव्हतं. हवा बिघडली, पाहुने आलेच नाही. आमी उभेच. माह्या बाजूचा गडी उभ्या उभ्या पडला. तो काही उठला नाही. मी उठलो."

एवढे बोलून ते खाली बसले. मग भाऊंनी टाळी वाजवली, आणि म्हणून सर्वांनी वाजवली.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही. फलक मात्र जपून ठेवला गेला असावा. कारण पुढच्या निवडणुकीत तोच मजकूर, तेच छायाचित्र, शेजारी भाऊ आणि वर नवा झेंडा, असा तो पुन्हा चौकात झळकला. शेकोटीवरून फौजी त्याच्याकडे पाहत आणि पाठ फिरवून बसत.

एकदा मी आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोघेही अंगणात असताना ते म्हणाले, "माह्या वेळी कोनाचीच वाट पाहू नका. आंघोळ घातली का उचला."

"काहून अभद्र बोलून राह्यले?" काकू म्हणाल्या.

"अभद्र नाही व. हुकूम समज."

यंदाच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ दाटला आणि एका सकाळी ते गेले. गावात पुन्हा निवडणूक होती. आंघोळ घालून त्यांना अंगणात ठेवले, तेव्हा डावा पाय आम्ही प्रथमच उघडा पाहिला. तिरडी बांधून तयार होती. तेवढ्यात तो कार्यकर्ता आला. भाऊ स्वतः येत आहेत, थांबा, म्हणाला.

मी फौजींची इच्छा सांगितली. माझा आवाज मुळात लहान, तरी सांगितली.

"मास्तर, पाचच मिनटं. भाऊ फाट्यावर हायेत."

मी फौजींच्या मुलाकडे पाहिले. तो भाऊंच्या संस्थेत शिपाई आहे, अजून कायम व्हायचा आहे. त्याने मान खाली घातली. काकू एकदा स्पष्ट म्हणाल्या, "उचला न आता." पुढे झालेले हात मुलाकडे पाहून मागे आले.

दुपार कलली. ऊन भिंतीवरून चढत जाऊन नाहीसे झाले आणि गारठा उतरला. काकू त्यांच्या पायाशी बसून डावे पाऊल तळहाताने चोळीत होत्या, रोज सकाळी चोळीत तसे.

दिवेलागणीला भाऊ आले. पुष्पचक्र वाहिले. शत्रूशी झुंजताना या वीराने आपला पाय देशाला अर्पण केला, असे त्यांनी सांगितले.

"झुंजताना नाही," काकू वर न पाहता म्हणाल्या. "वाट पाहताना."

भाऊंना बहुधा ऐकू गेले नाही. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," ते म्हणाले.

सगळे उभे राहिले. मान खाली घातल्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. प्रथम शेकोटीवरल्या एका म्हाताऱ्याची टाच उचलली गेली. मग दुसऱ्याची. शाळेची मुले कुंपणाशी उभी होती, त्यांनीही सुरुवात केली. मुरूम करकरू लागला. कार्यकर्त्याने डोळे वटारले. कोणी थांबले नाही. मुलगाही थांबला नाही.

उजवा, डावा, पुन्हा उजवा. सबंध अंगणात फक्त त्यांचेच पाय हालत नव्हते.